सात नंबर स्वच्छ करून ठेवला आहे

वहिनीचं खरं नाव लाँड्रीत कुणाला माहीत असेल तर ते फक्त हजेरीपटाला. नवरा पूर्वी तिथली कपड्यांची गाडी चालवायचा, त्याच्या दोस्तांनी हिला वहिनी म्हणायला सुरुवात केली. पुढे नवरा नोकरी सोडून घरी बसला, दोस्त पांगले, आणि ही मात्र अख्ख्या लाँड्रीची वहिनी होऊन बसली. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा बॉयलरवाला तिला वहिनी म्हणायचा आणि तिच्या लेकीच्या वयाच्या नव्या मॅनेजर मॅडमही वहिनीच म्हणायच्या.

तीन हॉस्पिटलांच्या चादरी त्या लाँड्रीत यायच्या. धुऊन, पिळून निघालेली ओली चादर दोन बायकांनी दोन टोकांना धरून मोठ्या तापलेल्या रोलरला द्यायची, की पलीकडून ती कोरडी आणि कडक इस्त्रीची बाहेर यायची. रोलरच्या तोंडाशी एक लाल आडवी दांडी होती. चुकून हात पुढे गेला तर आधी दांडीला लागायचा आणि रोलर जागच्या जागी थांबायचा. सकाळच्या पाळीत या रोलरची मुखत्यारी वहिनीकडे आणि दुपारच्या पाळीत धाकटीकडे.

धाकटी एकोणिसाव्या वर्षी कामाला लागली तेव्हा सगळ्यांत लहान होती. आता चौतीस वर्षांची झाली, दोन मुलांची आई झाली, तरी धाकटीच. चादर कशी द्यायची ते तिला वहिनीनंच शिकवलं होतं. टोक चिमटीत धर, ताण, सोड आणि हात मागे. हे ‘हात मागे’ वहिनी दिवसातून इतक्या वेळा म्हणायची की धाकटी जेवायला बसल्यावर कुणी दुसऱ्याच्या डब्याकडे वळलं, तर वहिनीच्या आवाजात ‘हात मागे’ म्हणून सगळ्यांना हसवायची.

प्रत्येक पाळी संपताना रजिस्टर लिहायचं. वहिनी आठवी शिकलेली. ती आपली लिहायची, ‘नंबर टू हॉट. बेल्ट नॉइज. टेल मिस्त्री.’ वीस वर्षं तेवढ्यावर भागलं. शिवाय पाळी बदलताना दोघी रोलरपाशी दहा मिनिटं चहा घेत उभ्या राहायच्या. कोणता पट्टा कुरकुरतोय, कोणत्या चादरींना डाग राहिलेत, सगळं तिथं बोलून व्हायचं. खरं रजिस्टर म्हणजे तो चहा.

मग नव्या मॅडम आल्या. मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं त्यांच्या माथी मारून मोकळं व्हायचा मोह होतो. लाँड्रीला बाहेरून तपासनीस येणार होते, त्यांच्या शिक्क्यावर मोठी कामं मिळणार होती. म्हणून मॅडमनी दोन नियम केले. दोन पाळ्यांमध्ये अर्धा तास मशीनं रिकामी ठेवायची, म्हणजे गर्दी होत नाही. आणि जे सांगायचं ते रजिस्टरमध्ये लिहायचं, इंग्रजीत, पूर्ण वाक्यांत. चहा बंद झाला.

पूर्ण वाक्य म्हणजे काय, हे शिकवायला मॅडमनी घडीच्या टेबलावर फळा टेकवून सगळ्यांना समोर बसवलं. वाक्यात कुणीतरी लागतं, म्हणाल्या, माणूस किंवा वस्तू. त्यानं काहीतरी केलेलं लागतं, किंवा त्याचं काहीतरी झालेलं. आणि वाचणाऱ्याला ‘मग पुढे काय?’ असं विचारावं लागता कामा नये. सुरुवात मोठ्या अक्षरानं, शेवटी टिंब. शिकवत होत्या चांगलं. मग उदाहरणासाठी त्यांनी जुनं रजिस्टर उघडलं आणि वाचलं, “बेल्ट नॉइज. हे वाक्य आहे का?”

“नाही,” सगळ्या एका सुरात म्हणाल्या. धाकटीचा आवाज सगळ्यांत वर.

“बेल्ट काय करतोय इथं?” मॅडम हसून म्हणाल्या. “बिचारा नुसता उभा आहे.”

सगळ्या खो खो हसल्या. अक्षर कुणाचं आहे हे प्रत्येकीला ठाऊक होतं. वहिनीही हसली, जरा जास्तच मोठ्यानं. कानशिलं तापली होती. आणि त्या तापल्या डोक्यानं ती बोलून गेली, “मॅडम, माझी लेक शाळेत इंग्रजीच शिकवते. आठ दिवसांत बघा माझं रजिस्टर.”

लेक शिकवत होती हे खरं. पण लेकीला विचारायचं वहिनीच्या जिवावर आलं होतं. एकदा कसलासा फॉर्म भरताना ती अडली होती, तेव्हा लेक तिच्या हातातलं पेन काढून घेत म्हणाली होती, “आई, राहू दे, मी भरते.” प्रेमानंच म्हणाली होती. त्याला अकरा वर्षं झाली. लेक विसरलीही असेल, पण वहिनीच्या मनात ते ‘राहू दे’ तसंच सलत राहिलं होतं.

तोड निघाली ती साबणाच्या पिंपांमागे. कोठीत जुनी रजिस्टरं रचलेली होती, निवृत्त झालेल्या हेडसाहेबांनी सगळ्या मशीनांची म्हणून स्वतः वेगळी लिहिलेली. अक्षर मोत्यासारखं, प्रत्येक ओळ मोठ्या अक्षरानं सुरू, टिंबानं बंद. वहिनीनं त्यातली सहा वाक्यं निवडली, आठवड्याच्या सहा दिवसांना सहा. सोमवारी ‘ऑल मशीन्स वेअर चेक्ड अँड फाउंड इन गुड ऑर्डर.’ बुधवारी ‘नंबर सेव्हन वॉज क्लीन्ड अँड केप्ट रेडी फॉर यूज.’ अशी. वेलबुट्टी उतरवावी तशी तिनं ती उतरवली. चुकली तर घरी वहीत पुन्हा गिरवायची, नवऱ्यानं विचारलं तर हिशेब करतेय म्हणायची.

आठवड्याभरात मॅडमनी तिचं पान सगळ्यांसमोर उंच धरलं. “याला म्हणतात रजिस्टर.” नक्कल करून ते पान त्यांनी दारापाशी भिंतीवर लावलं, नमुना म्हणून. येता-जाता बायका म्हणायच्या, “वहिनी, तुम्ही तर छुप्या रुस्तम निघालात.” वहिनी पदर खोचत म्हणायची, “लेकीची कृपा.” खोटं सांगून काय उपयोग, तिला ते फार गोड लागत होतं. चार महिने ती त्या भिंतीजवळून जाताना हळू चालायची.

मग तो गुरुवार आला. पाळी संपली, बाकीच्या कपडे बदलायला गेल्या, आणि वहिनी रोजच्यासारखी एकटीच रोलर तपासायला थांबली. दांडी तळव्यानं दाबली. रोलर फिरतच राहिला. पुन्हा दाबली, थांबला. तिसऱ्यांदा पहिल्याच दाबाला थांबला. चौथ्यांदा परत नाही. मिस्त्री त्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी कामाला गेला होता, उद्या येणार होता. मॅडम तपासनिसांना घ्यायला गेल्या होत्या.

म्हणजे लिहायला हवं होतं. वहिनी रजिस्टर उघडून बसली. सहा वाक्यांत दांडीचं एकही नव्हतं. तिनं आधी तळहातावर लिहून पाहिलं, ‘स्टॉप बार टू टाइम पुश देन स्टॉप.’ दोनदा वाचलं. यात कोण आहे, यानं काय केलं, टिंब कुठं द्यायचं? तिला फळा दिसला, मॅडमचं हसू दिसलं, सगळ्यांचा तो एका सुरातला ‘नाही’ ऐकू आला. हे रजिस्टरमध्ये गेलं तर चार महिन्यांची शोभा भिंतीवरून खाली येणार होती. अहो, त्या तळहातावर सगळं होतं. तेवढंच रजिस्टरमध्ये उतरवलं असतं, नाहीतर आपल्या भाषेत चिठ्ठी लिहून दांडीला चिकटवली असती, तरी पुरे होतं. पण चिठ्ठी दिसली की मॅडम विचारणार, वहिनी, हे रजिस्टरमध्ये का नाही?

तिनं सोमवारचं वाक्य लिहिलं. ऑल मशीन्स वेअर चेक्ड अँड फाउंड इन गुड ऑर्डर. सही केली. मोरीवर जाऊन तळहात साबणानं खसखसून धुतला.

थांब्यावर पोचली तेव्हा बसला नऊ मिनिटं होती. फोन हातात होता. धाकटीचा नंबर यादीत तिसरा. अंगठा तिथपर्यंत गेलाही. पण धाकटी विचारणार, रजिस्टरमध्ये लिहिलं नाहीत का, वहिनी? मग काय सांगायचं? धाकटी शहाणी आहे, तिला कळेल, असं वहिनीनं स्वतःला दोनदा सांगितलं. बस आली.

चारच्या सुमाराला रोलरवर चढताना एका चादरीचं टोक दुमडलं. ते सरळ करायला धाकटीचा उजवा हात पुढे गेला, दांडीला लागला, आणि रोलर थांबला नाही. डाव्या हातानं तिनं दांडी पुन्हा दाबली तेव्हा थांबला. मध्ये एखादा श्वास घेण्याएवढाच वेळ गेला असेल. हात वाचला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, ही दोन बोटं मात्र चिरडून भाजली, आणि पुन्हा वळणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं बंद असलेल्या थंड मशीनची दांडी वीस वेळा दाबून पाहिली. वीसही वेळा खटका पडला. रजिस्टर उघडलं, तर सगळी मशीनं ठीक असल्याचं तपासून लिहिलेलं, खाली सही. मग उरलं काय? धाकटीनं घाईत दांडीच्या वरून हात घातला असणार. नियम मोडला असणार. मंगळवारी चौकशी, आणि त्यात हेच ठरलं तर धाकटीची नोकरी जाणार, हे शिपायापासून सगळ्यांना कळलं होतं.

वहिनीला दोन दिवस अन्न गेलं नाही. शनिवारी ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “मॅडम, दांडी अडकत होती. मला माहीत होतं.”

मॅडमनी तिला बसवलं. पाणी दिलं. “वहिनी, तुमचं मन फार मोठं आहे. धाकटीचं मलाही वाईट वाटतं.”

“मन कसलं, मॅडम? मी हातानं दाबून बघितली.”

“आणि मग ‘गुड ऑर्डर’ लिहिलंत? तुम्ही? जिचं पान मी भिंतीवर लावलंय?” मॅडमनी मान हलवली. “तिला वाचवायला स्वतःवर घेऊ नका. कुणी विश्वास ठेवणार नाही, वहिनी. इथं स्पष्ट, पूर्ण वाक्य लिहिलेलं आहे.”

वहिनी बाहेर आली. आणि खरं सांगायचं तर जिना उतरताना तिला क्षणभर हलकं वाटलं. आपण सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, आता आपण तरी काय करणार? शेवटच्या पायरीवर तिला या हलक्या वाटण्याचीच इतकी शरम वाटली की ती कठड्याला धरून उभी राहिली. समोर भिंतीवर तिचं पान होतं.

रविवारी दुपारी लेक भेटायला आली. तिला अपघात माहीत होता, बाकी काही नाही. आईचा उतरलेला चेहरा बघून तिनं विषय बदलला. “बाबा सांगत होते, तुझं पान भिंतीवर लावलंय म्हणे. मला बोलली नाहीस ते. फोटो आहे का?”

फोटो होता. वहिनीनं पहिल्याच दिवशी काढून ठेवला होता. लेकीनं तो बोटांनी मोठा केला आणि वाचू लागली, आधी कौतुकानं, मग सावकाश.

“आई, हे सात नंबर कुठलं मशीन? तू तर नेहमी सहाच मशीनं आहेत म्हणतेस.”

वहिनीनं फोन हातात घेतला. सेव्हन. सात हा शब्द तिला वाचता येत होता, सात काय, शंभरपर्यंत येत होते. पण तिनं वाचलंच नव्हतं, उतरवलं होतं. सात नंबरचा ड्रायर नऊ वर्षांपूर्वी भंगारात गेला होता. नेताना दाराची चौकट काढावी लागली होती, ती धरून उभ्या राहणाऱ्यांत वहिनीही होती. त्या जागी आता चपलांचं कपाट होतं. आणि चार महिने दर बुधवारी ती ते मशीन स्वच्छ करून ठेवत होती. बायकांनी वाचलं, मॅडमनी वाचलं, तपासनिसांनीही मान डोलावली, आणि एकालाही ते खटकलं नव्हतं.

मग तिनं लेकीला सगळं सांगितलं, मान वर न करता, सांडलेली साखर गोळा करावी तसं टेबलावरून बोट फिरवत.

“मला का नाही विचारलंस?”

लेकीनं पेन काढलं. “थांब, मी तुला चौकशीसाठी नीट लिहून देते.” आणि मग आपणहूनच पेन खाली ठेवलं.

मंगळवारी चौकशीच्या टेबलाशी अकरा माणसं होती. बाहेरचे दोन साहेब, मॅडम, मिस्त्री, दोन्ही पाळ्यांच्या बायका, आणि कोपऱ्यात हाताला पांढरं बँडेज बांधलेली धाकटी. वहिनीनं पिशवीतून हेडसाहेबांचं जुनं रजिस्टर काढलं, मॅडमसमोरच्या नव्या रजिस्टरशेजारी ठेवलं आणि दोन्हीत खुणेच्या चिठ्ठ्या घातलेली पानं उघडली.

“मॅडम, सात नंबर दाखवता का मला? मी तो गेल्या बुधवारी साफ केलाय.”

मॅडमनी पान वाचलं, मग काचेतून बाहेर बघितलं. “आपल्याकडे सातवं मशीन आहे?” त्यांनी मिस्त्रीला विचारलं. मिस्त्रीला हसू आलं आणि अर्ध्यावरच विरलं. “चपला ठेवतो तिथं, मॅडम.”

“मला इंग्रजी लिहिता येत नाही,” वहिनी म्हणाली. “एक ओळ नाही. हे सगळं या जुन्यातलं उतरवलेलं आहे, चार महिन्यांचं. लेकीनं काही शिकवलं नाही, तेही खोटं होतं. गुरुवारी दांडीच्या पहिल्या दाबाला रोलर थांबत नव्हता. ते मला लिहिता आलं नाही, म्हणून मी हे लिहिलं.”

जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं असं माणसाला वाटतं म्हणतात. वहिनीला तसं वाटलं, पण जमीन होती तशीच राहिली आणि एक एक वाक्य दोन्ही रजिस्टरांत शोधून दाखवायला तिला पाऊण तास तिथंच उभं राहावं लागलं. साहेब बोट ठेवून विचारायचे, हे कुठलं? ती जुन्यातलं पान काढून द्यायची.

शेवटी मिस्त्रीनं विचारलं, “वहिनी, तुम्ही दाबली तेव्हा रोलर गरम होता?”

“पाळी संपतानाचा. चांगलाच तापलेला.”

मिस्त्री उठला. त्यानं रोलर चाळीस मिनिटं तापवला आणि लाकडी पट्टीनं दांडी दाबायला लागला. तिसऱ्या वेळी रोलर फिरतच राहिला. तापल्यावर आतला खटका अडकत होता. धाकटीवरचा ठपका तिथंच पुसला गेला. भिंतीवरचं पान मॅडमनी स्वतः काढलं. वहिनीजवळून जाताना म्हणाल्या, “मीही वाचत नव्हते, वहिनी. पूर्ण आहे का, एवढंच बघत होते.” दुसऱ्या दिवसापासून पाळ्यांमधला चहा सुरू झाला, आणि रजिस्टर ज्याला जसं येईल तसं लिहायचं ठरलं. वहिनीकडून रोलर काढून घेतला. तिला घडीच्या टेबलावर बसवलं.

मात्र खरा छळ पुढेच होता. बायका तिला डोक्यावर घेऊन नाचायच्या बाकी राहिल्या. एवढ्या लोकांत स्वतःची अब्रू घालवून पोरीची नोकरी वाचवली, असं कौतुक व्हायचं. वहिनी ते ऐकून कानकोंडी व्हायची, उठून कोठीत जायची. तिथं पिंपांमागे उगाच उभी राहायची.

अडीच महिन्यांनी धाकटी परत आली. रोलर आता तिला झेपणार नव्हता, तिलाही सकाळच्या पाळीत घडीवरच दिलं. मोठ्या चादरीची घडी दोघींनी घालायची असते. समोरासमोर उभं राहायचं, टोकं ताणायची, जवळ यायचं, एकीनं आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. दोन दिवस त्या दोघींनी अशा कितीतरी घड्या घातल्या. धाकटी कामापुरतं बोलायची. नक्कल नाही, हसणं नाही.

तिसऱ्या दिवशी चादर ताणलेली असतानाच तिनं विचारलं, “वहिनी, त्या दिवशी बस लगेच मिळाली होती का?”

चौकशीत हे कुणीच विचारलं नव्हतं. वहिनीला खोटं बोलायला भरपूर वाव होता.

“नाही,” ती म्हणाली. “नऊ मिनिटं होती.”

“फोन घरी राहिला होता?”

“हातात होता.”

धाकटी थांबली. “माझा नंबर होता तुमच्याकडे.”

“काढला होता. लावला नाही.”

“का?”

तू त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं ‘नाही’ म्हणाली होतीस, हे वहिनीच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. “लाज वाटली,” ती म्हणाली. “लिहिता येत नाही हे तुला कळेल म्हणून.”

धाकटीनं तिच्याकडे बघितलं नाही. चादरीकडे बघत म्हणाली, “मला माहीत होतं, वहिनी. तुम्हाला येत नाही हे मला पंधरा वर्षं माहीत होतं. तुमचं ते अर्धंमुर्धं वाचूनच मी रोज मशीन चालू करायचे.”

मशीनं चालू होती, वाफ सुटत होती. धाकटी टोकं घेऊन जवळ आली, पण तिच्या उजव्या हातातलं टोक त्या न वळणाऱ्या बोटांतून निसटलं आणि खाली पडलं. वहिनी उचलायला वाकली.

“राहू द्या,” धाकटी म्हणाली. तिनं ते स्वतः उचललं, झटकलं आणि वहिनीच्या हातात दिलं. देताना तिची दोन ताठ बोटं वहिनीच्या तळहाताला लागली, साबणानं खसखसून धुतलेल्या त्याच तळहाताला. वहिनीनं मूठ मिटली नाही. धाकटी वळली आणि ढिगावरून पुढची चादर घेतली.